वेगळं संगीत, पणजी आणि आसपास : कामाच्या नोंदी

3 जून 2024

काम नेमकं काय ते आधीच लिहून ठेवते म्हणजे पुढे भरकटायला नको. पणजीत आणि पणजीपासून अर्ध्या-पाऊण तासाच्या टप्प्यात जिथे कुठे नेहमीच्या साच्याबाहेरचं संगीत समोर बसून ऐकायला मिळतं ते शोधायचं, जाऊन ऐकायचं, कोण वाजवतं, कुठे वाजवतं, किती माणसं जमतात ते टिपायचं आणि डिसेंबरपर्यंत जमलं तर आपली आपण एक छोटी बैठक लावायची. साच्याबाहेरचं म्हणजे कसलं गं, हे घरातले पण विचारतात आणि ऑफिसातले पण. पियानोच्या तारांमध्ये स्क्रू आणि रबर अडकवून वाजवणारे असतात, एकच सूर तासभर धरून त्याच्या आतले सूर ऐकवणारे असतात, माइक स्पीकरसमोर धरल्यावर जी शिट्टी येते तिलाच वाद्य मानणारे असतात, काही न ठरवता चौघं एकत्र बसून जागच्या जागी रचणारे असतात. हे सगळं.

गोव्यात लाइव्ह म्युझिकची वानवा नाही. शॅकमधली गिटार, लग्नाचे बँड, तियात्रातली म्हणजे कोकणी नाटकातली कांतारां (गाणी), देवळातली भजनं, हणजूणचं ट्रान्स, कला अकादमीतली संमेलनं, सगळं आहे आणि भरपूर आहे. म्हणूनच मला वाटतं की इतके कान जिथे तयार झालेत तिथे हे दुसरं संगीत पण कुठेतरी चालू असणारच, आपल्यापर्यंत पोचत नाहीये एवढंच.

11 जून

पोस्टरवरून काही हाती लागत नाही. मोठ्या कार्यक्रमांचे बॅनर लागतात, पेपरात येतं, पण वीस माणसांसमोर जे होतं त्याचं कुणी बॅनर लावत नाही. कुणीतरी इन्स्टावर स्टोरी टाकतं, ती दुसऱ्या दिवशी गायब, आणि तुम्ही त्या माणसाला फॉलो करत नसाल तर संपलंच. मैत्रिणीने एक चांगली गोष्ट सुचवली, म्हणाली कलाकारांना कशाला शोधतेस, त्यांना सामान भाड्याने कोण देतं ते बघ.

म्हणून आज म्हापशाला एका साउंडवाल्या दादांच्या गोडाऊनमध्ये गेले. चारी बाजूंनी स्पीकर रचलेले, मध्ये केबलच्या गुंडाळ्या, पावसाळा सुरू म्हणून सगळ्यावर प्लास्टिक टाकलेलं. त्यांना सरळ विचारलं, दादा, आजवर सगळ्यात विचित्र मागणी कसली आली? ते हसले, "अगो बाय, कितें सांगूं तुका!" आणि मग सुरूच झाले. एकाने स्पीकर उताणे ठेवून मागितले होते, त्याला कोनवर, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्यावर, नाणी आणि खडे टाकून नाचवायचे होते. एका मुलीने माइक फुग्यात गुंडाळून पाण्याच्या पिंपात सोडला. एकजण म्हणाला मला तुमचा सगळ्यात जुना, घरघर करणारा मिक्सर द्या, नवीन नको, तो फार स्वच्छ आहे. दादांनी हे सगळं अगदी बारीक लक्षात ठेवलंय, कुठल्या घरी, कुठल्या साली, परत आणताना काय तुटलं होतं. मी वहीत भराभर लिहून घेतलं. यादीतली पहिली नावं अशी मिळाली, आणि नावांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे घरं मिळाली.

24 जून

सांजांव, म्हणजे सेंट जॉनचा सण. सकाळपासून डोक्यावर कोपेलां (पानाफुलांचे मुकुट) घातलेली पोरं घुमट, म्हणजे मातीचं तालवाद्य, वाजवत घराघरातून फिरत होती आणि विहिरीत उड्या. एका घरच्या विहिरीपाशी उभी होते, आत उडी पडली की जो आवाज वर येतो तो आधी पाण्याचा असतो आणि मग चिऱ्याच्या भिंतींचा. रेकॉर्ड केला. बाकी काही नाही.

8 जुलै

आल्तिनोवर, म्हणजे पणजीतल्या टेकडीवर, एका जुन्या घरात गेले होते, दादांच्या यादीतलंच एक. दिवाणखान्यात पंचवीसेक खुर्च्या, एक चेलोवाली (चेलो म्हणजे उभं धरून वाजवायचं व्हायोलिनसारखं मोठं वाद्य) आणि एक लॅपटॉपवाला. दोघंही बाहेरचे, पण आता काही वर्षं गोव्यातच राहतात. कार्यक्रमाला नाव नाही, तिकीट नाही, दारात एक डबा ठेवलेला.

हे जरा सविस्तर लिहायला हवं. घराचं छप्पर कौलारू, उंच, सीलिंग अर्धंच. सुरुवातीला ती चेलोच्या तारांवर वाजवतच नव्हती, तारा जिथे खाली अडकवलेल्या असतात त्या लाकडी पट्टीवर बो (गज) घासत होती, त्यातून एकदम खोल, श्वासासारखा आवाज येत होता, सूर म्हणावा असा नाहीच. लॅपटॉपवाला त्याचे तुकडे करून मागून परत सोडत होता. दहा मिनिटांनी पाऊस आला, आणि पाऊस म्हणजे आपला जुलैचा पाऊस, कौलांवर असा कोसळला की चेलो ऐकूच येईना. दुसरं कुणी असतं तर थांबलं असतं किंवा आवाज वाढवला असता. तिने बो खाली ठेवला आणि वर छताकडे बघत बसली. त्याने खिडकीजवळ माइक सरकवला, पावसाचा आवाज आत घेतला आणि अगदी हळू, अर्ध्या सेकंदाच्या अंतराने तो आमच्या मागच्या स्पीकरमधून सोडायला लागला, म्हणजे समोर खरा पाऊस आणि पाठीमागे तोच पाऊस जरा उशिरा. सर ओसरायला लागली तशी चेलोवाली हळूच एक लांब सूर घेऊन खालून आली, आणि पाऊस कमी होत गेला तसा तो सूर नुसता उघडा पडत गेला, वाढवला नाही तिने जराही. माझ्या शेजारी बसलेल्या आजींनी, घराच्याच असाव्यात, हातातल्या वर्तमानपत्राने वारा घ्यायचं थांबवलं.

नंतर चहाच्या वेळी कुणीतरी जॉन केज या अमेरिकन संगीतकाराचा विषय काढला. 1952 च्या ऑगस्टमध्ये त्याची ती प्रसिद्ध रचना, 4 मिनिटं 33 सेकंद, वादकाने काहीच न वाजवण्याची, न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉकजवळ एका लाकडी, मागून उघड्या हॉलमध्ये पहिल्यांदा झाली, डेव्हिड ट्यूडर पियानोवर बसला होता, आणि केज नंतर सांगायचा की पहिल्या भागात बाहेरचा वारा ऐकू येत होता आणि दुसऱ्या भागात छपरावर पावसाचे थेंब पडायला लागले. लोक चिडले होते तेव्हा. आपल्याकडे कौलाखाली वाढलेल्या माणसाला यात चिडण्यासारखं काय आहे असं मला खरंच वाटतं.

21 जुलै

माझं मत आता पक्कं होत चाललंय. हे संगीत शोधायचं तर खोल्या शोधाव्या लागतात. वादक आज आहे उद्या बर्लिनला, पण ज्या घरात एकदा असं काही झालंय तिथे परत होतं, कारण घरच्यांची तयारी असते आणि खोली वाजते. खोली वाजते हे नुसतं म्हणायचं म्हणून नाही, ती मोजता येते.

त्यासाठी आल्तिनोच्या त्या घरी परवानगी काढून परत गेले, फुगे आणि रेकॉर्डर घेऊन. फुगा फोडायचा, आवाज विरत जाताना रेकॉर्ड करायचा आणि तो 60 डेसिबल खाली यायला किती सेकंद लागतात ते काढायचं. इतका पूर्ण उतार पंखे-गाड्यांच्या आवाजात सहसा मिळत नाही, म्हणून पहिल्या 20 डेसिबलचा वेळ घेऊन तिप्पट करतात. दिवाणखाना साधारण 8 मीटर लांब, 6 रुंद आणि सरासरी 5 उंच, म्हणजे 240 घनमीटर. रिकाम्या खोलीत 1.9 सेकंद आले.

आता यात मजा बघा. वॉलेस सॅबिन नावाच्या प्राध्यापकाने 1895 नंतर हार्वर्डमध्ये रात्री-अपरात्री, शेजारच्या थिएटरातल्या गाद्या उचलून आणून, ऑर्गनची एक नळी आणि स्टॉपवॉच घेऊन जो हिशोब बसवला तो अजून चालतो: खोलीचं घनफळ गुणिले 0.161, भागिले आवाज गिळणारं क्षेत्रफळ. गिळण्याचं माप त्याने उघड्या खिडकीवरून घेतलं, कारण खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. बसलेला एक माणूस साधारण अर्धा चौरस मीटर उघड्या खिडकीइतका आवाज गिळतो. म्हणजे रिकामी असताना या खोलीचं गिळणं 20 चौरस मीटरच्या आसपास, आणि तीस माणसं बसली की त्यात 15 ची भर, वेळ 1.9 वरून थेट 1.1 सेकंदावर. ऐकायला आलेली माणसंच वाद्याचा अर्धा भाग झाली की! चेलोवालीला हे सांगितलं तर ती म्हणाली, म्हणून मी दुपारी वाजवून बघते तेव्हा लांब सूर घेते आणि संध्याकाळी लोक आले की बदलते, आकडा माहीत नव्हता इतकंच.

9 सप्टेंबर

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. सगळं काम बंद, पण कान बंद होत नाहीत. काल रात्री फोंड्याला मामाकडे आरत्यांना बसलो होतो, दहा-बारा घुमटं, शामेळ नावाचा ढोल, कांसाळीं म्हणजे झांजा, आणि आरती एक संपली की दुसरी, मध्ये लय वाढत वाढत अशा ठिकाणी पोचते की शब्द नुसते वर तरंगत राहतात. मी यावेळी मुद्दाम डोळे मिटून फक्त एका घुमटाकडे लक्ष दिलं. घुमट म्हणजे दोन्हीकडून उघडं मडकं, मोठ्या तोंडावर कातडं, लहान तोंड उघडं. उजव्या हाताने कातड्यावर मारायचं आणि डाव्या तळव्याने लहान तोंड झाकत-उघडत राहायचं, त्याने आतला खर्ज वर-खाली होतो. म्हणजे डावा हात हवेलाच वाजवतो. लहानपणापासून बघतेय पण हे इतकं नीट कधी ऐकलं नव्हतं.

पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं. 1972 च्या वन्यजीव कायद्यात घोरपडीला संरक्षण आहे, त्यामुळे आता बकऱ्याचं लावतात, आणि 2019 मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. मामाकडे आरत्यांना येणारे एक काका आहेत, ते स्वतः घुमट मढवतात. म्हणाले बकऱ्याचं कातडं पावसात लवकर सैल पडतं, आरतीच्या आधी शेकावं लागतं. त्यांना विचारलं, काका, यावर एक माइक चिकटवून बघू का? म्हणाले चवथ होऊ दे, मग ये.

28 सप्टेंबर

काँटॅक्ट माइक बनवले, म्हणजे हवेतला नाही तर वस्तूच्या अंगातला आवाज पकडणारे. पिएझोची पितळी चकती, 27 मिलिमीटरची, घड्याळाच्या बझरमध्ये असते तीच, पाटोजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात अगदी किरकोळ पैशांत मिळते. दोन वायरी झाळायच्या, एक कडेच्या पितळेवर, एक मधल्या पांढऱ्या भागावर, आणि पांढऱ्या भागावर झाळण जास्त वेळ टेकवायची नाही, नाहीतर थर उडतो. वरून टेप. एक गोष्ट कुणी करून बघणार असेल तर: थेट मिक्सरच्या लाइनला लावला तर आवाज पातळ, डब्यातला येतो, कारण या चकतीला निदान 1 मेगाओहमचा, म्हणजे खूप जास्त रोधाचा, इनपुट लागतो. मध्ये प्रीअँप (बारीक सिग्नल वाढवणारी डबी) किंवा गिटारचा इनपुट हवाच.

संध्याकाळी काकांच्या पडवीत. चकती घुमटाच्या पोटावर चिकटवली तर मातीचाच आवाज यायला लागला, बोटं घासल्याची खरखर, थाप पडल्यावर मडक्याच्या अंगातून जाणारी कुरकुर. काका दोन मिनिटं नुसते बोट फिरवत बसले, वाजवायचं विसरूनच गेले. मग दुसरा प्रकार केला. छोटा कॉलर माइक लहान तोंडातून आत सोडला आणि गिटार अँप कातड्यासमोर ठेवून हळूहळू आवाज वाढवला. एका पातळीला घुमट आपण होऊन हूं करायला लागलं, हात न लावता. काकांनी सवयीने डावा तळवा घुमटाच्या तोंडाकडे नेला, अर्धं झाकलं, तर तो हूं घसरत खाली आला, उघडलं की परत वर. पूर्ण झाकलं की बंद. त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. दुसऱ्याच क्षणी त्यांनी त्यात आरतीची लय धरली, उजवा हात न वापरता, फक्त तळव्याने. मी काही सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतंच, चाळीस वर्षांचा डावा हात होता तो.

काकू आतून म्हणाल्या, शेजारी विचारतायत रेडिओ बिघडला का.

13 ऑक्टोबर

आज घरी बसून ऐकणं आणि वाचणं. एक धागा लागला तो लिहून ठेवते, बैठकीत सांगायला उपयोगी पडेल.

1946 मध्ये गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या होत्या. तिथे त्यांनी जॉन केजला भारतीय संगीत शिकवलं आणि त्याच्याकडून पाश्चात्य संगीत शिकल्या. केजने पुढे आयुष्यभर सांगितलं की संगीत कशासाठी, तर मन शांत करण्यासाठी, म्हणजे ते दैवी प्रभावाला ग्रहण करायला तयार होतं, आणि हे आपल्याला गीता साराभाईंनी सांगितलं. पुढे 1969 मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग नावाचा सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर निर्माण करणारं यंत्र, बसवला गेला, बसवायला कोण आला होता तर तोच डेव्हिड ट्यूडर, वुडस्टॉकला पियानोसमोर गप्प बसलेला. त्या यंत्रावर 1972 पर्यंत गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी काम केलं. टेपा मग कपाटात पडून राहिल्या, पॉल पर्गस नावाच्या कलाकाराला सापडल्या आणि 2023 मध्ये त्या रेकॉर्डवर निघाल्या. ऐकल्या आज. काही तुकडे नुसते यंत्र चाचपून बघितल्यासारखे आहेत आणि तेच मला जास्त आवडले, माणूस पहिल्यांदा एक बटण फिरवतोय आणि थांबून ऐकतोय हे कळतं.

आणि आपल्याकडचे खाप्रूमामा पर्वतकर. लयभास्कर. दोन हातांनी दोन वेगळे ताल, पायाने तिसरा आणि तोंडाने आणखी एकाचे बोल, आणि सगळे बरोबर समेवर, असं त्यांच्याबद्दल जुनी मंडळी सांगत आली. गोव्यात हे नाव लयीच्या गोष्टी निघाल्या की येतंच, पण कुणी त्यांना प्रयोगशील म्हणत नाही, आदराने हात जोडतात आणि पुढे जातात. मला वाटतं त्यांना त्या रांगेत बसवायला हवं, केजच्या, ट्यूडरच्या, शेजारी, कारण करून बघण्याची भूक तीच आहे.

10 नोव्हेंबर

तियात्राच्या बँडात ट्रम्पेट वाजवणारे एक अंकल आहेत, साउंडवाल्या दादांच्या ओळखीचे, आता साठी उलटलीय. 1892 मध्ये मुंबईत पहिला तियात्र झाला तेव्हापासून किती वादकांनी कांतारांमागे आयुष्य काढलं असेल, समोर कॉमेडियन काय करणार ते बघून त्या क्षणी वाजवायचं, नोटेशन समोर असलं तरी अर्धं नजरेवर. अंकलना मी म्हटलं की काहीच न ठरवता वाजवणाऱ्या लोकांबरोबर बसाल का. म्हणाले, बाय, मी दुसरं काय करतो?

त्यांना सांजांवच्या त्या विहिरीचं रेकॉर्डिंग ऐकवलं तर म्हणाले चल, आजच. गेलो. घरवाले ओळखीचे, विचारून गेलो. पाणी कठड्यापासून सहाएक मीटर खाली असेल. अंकलनी ट्रम्पेटचं तोंड खाली केलं, एक सूर हळू फुंकला आणि थांबले. मग तोच सूर जरा वर, जरा खाली, कुठे विहीर उचलते ते शोधत. काही सुरांना काहीच होत नव्हतं आणि मध्येच एखादा असा फुगून वर यायचा की कठड्यावर ठेवलेला माझा हात थरथरायचा. मग त्यांनी म्यूट लावला, ट्रम्पेटच्या तोंडावर धरायची रबरी वाटी असते तो, आणि नुसते तुकडे सोडले, टक, टक, आणि प्रत्येक टकाच्या मागे भिंतींची एक झालर. पंधरा-वीस मिनिटं चाललं असेल. घरातली दोन पोरं कठड्यावर हनुवटी टेकून बघत होती, कुत्रा मात्र लांब जाऊन बसला.

एक लक्षात आलं. पावसात पाणी वर येतं तेव्हा ही खोली छोटी होते, उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की मोठी. पाणी सहा मीटरवर असेल तर आवाज जाऊन यायला सेकंदाचा साधारण तिसावा भाग लागतो, बारा मीटरवर गेलं तर दुप्पट. म्हणजे वर्षभरात एकाच विहिरीत वेगवेगळ्या मापाच्या खोल्या मिळतात. असा हॉल कुणी बांधून देणार नाही.

7 डिसेंबर

बैठक झाली. आल्तिनोच्या त्याच घरात. दमलेय पण आत्ताच लिहिते.

जागा ठरवताना वेळेचा विचार आधी केला. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 बाहेर लाउडस्पीकर चालत नाही, बंद सभागृहाला सूट आहे, पण घर म्हणजे सभागृह नव्हे आणि निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल. शेजाऱ्यांना त्रास देऊन नवीन संगीत रुजत नाही. म्हणून साडेसहाला दार, सातला सुरू, नऊच्या आत संपलं पाहिजे. स्पीकर छोटेच, दोन. साउंडवाले दादा स्वतः आले, भाडं निम्मं घेतलं आणि शिवाय बसून राहिले.

सात वाजले तेव्हा खालून चर्चची घंटा आली. ती घंटा मुळात जुन्या गोव्याच्या ऑगस्टिनियन मठातली, तिथून आग्वादच्या दीपस्तंभावर गेली आणि 1871 मध्ये पणजीच्या चर्चला आली. चेलोवालीने घंटेचा शेवटचा ठोका विरायच्या आत त्याच्या जवळचा सूर उचलला, मुद्दाम ठरवलं नव्हतं, आणि तिथून सुरुवात झाली.

पहिला अर्धा तास चेलो आणि लॅपटॉप. मग काकांचं घुमट. लोक आधी कुजबुजले कारण काका हात न मारता नुसते बसलेत आणि घुमट आवाज करतंय, पण तळवा हलायला लागल्यावर सगळे पुढे वाकले. अंकल मागच्या पडवीत उभे राहिले, खोलीत आलेच नाहीत, दारातून आत वाजवलं, त्यामुळे ट्रम्पेट लांबून आल्यासारखा वाटत होता आणि घुमटाचा हूं आमच्या पायाखालून. एका जागी दोघांचा सूर इतका जवळ आला की मध्ये थरथर सुरू झाली, जवळजवळच्या दोन सुरांची होते तशी, सेकंदाला दोन-तीन ठोके. काकांनी तळवा किंचित हलवून ती थरथर संथ केली. मग आणखी संथ. अंकल सूर धरून राहिले, श्वास संपेपर्यंत. थरथर जवळजवळ थांबली तेव्हा काकांनी घुमटाचं तोंड झाकलं आणि अंकलचा सूर एकटा राहिला. हे दोघं आज पहिल्यांदा भेटले होते. एक फोंड्याच्या आरत्यांतला, एक मडगावच्या तियात्रातला, आणि गेल्या सहा महिन्यांत मी जे शोधत होते ते मला या मिनिटभरात मिळालं.

खोलीत माणसं पस्तीसेक. एक गृहस्थ मध्येच उठून गेले आणि घुमटाच्या वेळी परत येऊन मागे उभे राहिले. एका कॉलेजच्या मुलाने विचारलं याची प्रॅक्टिस कशी करतात, त्यावर काका म्हणाले, रे, आधी चाळीस चवथी. आजी पहिल्या रांगेत होत्या, शेवटपर्यंत.

डब्यातले पैसे चौघांत वाटले, दादांचं भाडं वेगळं दिलं. हे मुद्दाम लिहिते. प्रयोग आहे म्हणून फुकट, ही सवय लागू द्यायची नाही, रक्कम छोटी असली तरी हातात पडली पाहिजे आणि त्याच रात्री.

21 डिसेंबर

सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल चालू आहे, 15 पासून, उद्या शेवटचा दिवस. 2016 ला सुरू झाल्यापासून डिसेंबरमध्ये पणजी वेगळीच होते, जुन्या जीएमसीच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) इमारतीत प्रदर्शनं, कला अकादमीत कार्यक्रम, नदीकाठी गर्दी. खूप ऐकलं, काही फार आवडलं. पण माझ्या कामासाठी मला एकच गोष्ट बघायची होती, ती म्हणजे इथे येऊन असं काही पहिल्यांदा ऐकणारे पणजीकर पुढे जानेवारीत कुठे जाणार. गर्दीत माझ्या शेजारची मुलगी मैत्रिणीला म्हणाली, हे असं परत कुठे असतं गं? तिला आल्तिनोच्या घराबद्दल सांगितलं. नंबर घेतला तिने. अशा माणसांना जानेवारी-फेब्रुवारीत दुसरी जागा मिळाली नाही तर एवढ्या मोठ्या उत्सवाचं पाणी वाळूत जिरतं, हे मला खरंच वाटतं.

29 डिसेंबर

यादीची सध्याची स्थिती. आल्तिनोचं घर: वर्षातून चार वेळा द्यायला तयार, पावसाळ्यात एक बैठक नक्की, आजींची अट. रायबंदरचं एक घर: अंगण चांगलं, खोली बसकी आणि पडद्यांनी भरलेली, फुग्याचा आवाज अर्ध्या सेकंदात मेला, कविता वाचायला उत्तम, याला नाही. म्हापशाचं गोडाऊन: दादा म्हणाले पावसात रिकामंच असतं, पत्र्याचं छप्पर, लॅपटॉपवाल्याने ऐकून उडीच मारली. एका शाळेचा हॉल बघितला, प्रतिध्वनी सुंदर पण पंखे बंद करता येत नाहीत. आसगावची एक गॅलरी अजून बघायचीय.

काका दोन जुनी घुमटं काढून ठेवतायत, वेगवेगळ्या मापाची, म्हणाले एकाला दोन आवाज येतात तर तिघांना किती येतील ते बघू. अंकलनी त्यांच्या बँडातल्या सॅक्सोफोनवाल्याला सांगून ठेवलंय. विहिरीच्या घरी फोन झाला. त्यांना मेमध्ये गाळ काढायचाय, तेव्हा पाणी सगळ्यात खाली असेल, त्याच्या आदल्या दिवशी या म्हणाले. रेकॉर्डरला लांब केबल लागेल, निदान पंधरा मीटर, ती दादांकडे आहे. दहा-बारा जणांनाच बोलावता येईल, कठड्याभोवती तेवढेच मावतात, आणि पोरांसाठी दोन जागा ठेवायच्या.